हळद पिवळी राहील तेव्हा

समस्त नगरवासी स्त्रीपुरुषांस, त्यांच्या घरी उतरलेल्या पाहुण्यारावळ्यांसह, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, दुसरी मोठी जागतिक लढाई संपल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, ऐन अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, गावाबाहेरच्या पोहण्याच्या तलावात टाकलेली शुद्ध, घरी कुटलेली, पिवळीधमक हळद सर्वांच्या डोळ्यांदेखत लाल झाली.

या घटनेची सरकारदरबारी नोंद नाही. आकाशातून आवाज आला नाही, जमीन हादरली नाही. पण मी तिथे होते, माझ्या हातात नारळाचं ताट होतं, आणि ते ताट मी पाडलं, एवढी साक्ष पुरे व्हावी.

मी तेव्हा त्या घरातली नवी सून. घरात माझ्याखेरीज दोन मुख्य पात्रं होती. एक माझ्या थोरल्या जाऊबाई आणि दुसरे त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर. त्यांना मी भाऊजी म्हणायची. माझे स्वतःचे यजमान पुण्याला नोकरीला होते आणि या गोष्टीत त्यांचं काही काम नाही. त्यांना हे वाचून वाईट वाटेल, पण वाटू दे.

जाऊबाई संगमनेरच्या. माहेरचं घर प्रवरेच्या काठावर, इतकं काठावर की त्या आधी पोहायला शिकल्या की चालायला, याबद्दल त्यांच्या माहेरी अजून एकमत नाही. लग्न होऊन नगरला आल्या आणि पाण्याशी संबंध तुटला. आमची सीना नदी म्हणजे वर्षातले बरेच महिने वाळू. लोक तिच्यात पोहत नसत, तिच्यातून चालत जात. जाऊबाईंनी बारा वर्षं संसार केला, तक्रार म्हणून कधी केली नाही. फक्त न्हाणीघरात घंगाळ भरून ठेवलेलं असलं की येता-जाता त्यात कोपरापर्यंत हात बुडवायच्या आणि क्षणभर तशाच उभ्या राहायच्या. मी एकदा विचारलं, "पाणी किती गरम आहे ते बघताय का?" तर म्हणाल्या, "नाही गं. ओळख ठेवतेय."

अशा बाईच्या गावात पोहण्याचा तलाव दुरुस्त व्हायला निघाला!

तलाव जुनाच होता, एका बागेतला दगडी, चहूबाजूंनी उंच भिंत असलेला. पण गळायचा. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी शेजारच्या मळ्यातल्या वांग्यांना मिळायचं. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी समिती नेमली, तलावाला आतून नवा गिलावा करायचं ठरलं. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त वकील होते. भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा, चांदीच्या मुठीची काठी. पोहण्याचे शरीराला, मनाला आणि राष्ट्राला होणारे फायदे यावर ते न थांबता बोलू शकत. "लहानपणी आम्ही भीमेच्या पुरात..." असं वाक्य ते वारंवार सुरू करायचे. पुरात काय, ते कधीच सांगायचे नाहीत. ऐकणारा आपोआप मान डोलवायचा.

जाऊबाईंनी अध्यक्षांच्या पत्नीला चैत्रातल्या हळदीकुंकवात गाठलं. आंब्याची डाळ आणि पन्हं यांच्यामध्ये कुठेतरी, "आठवड्यातली एक सकाळ बायकांना मिळाली तर?" असं सोडून दिलं. अध्यक्षीणबाई गोल, हसऱ्या आणि दिसायला अगदी निरुपद्रवी. त्यांनी घरी जाऊन काय केलं देव जाणे, पण दुसऱ्याच आठवड्यात समितीने बुधवारची सकाळ बायकांना दिली. 'प्रायोगिक तत्त्वावर' हे शब्द पुढे जोडून. त्यांचा अर्थ, कुणी शिंकलं तरी काढून घेऊ.

त्या दिवशी जाऊबाईंनी पुरणपोळ्या केल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "डाळ होती घरात."

गिलावा केला तो गावातल्या नामांकित मिस्त्रीने. तो मुसलमान, पन्नाशीचा, कानात अत्तराचा फाया आणि डोळ्यांत कलावंताचा तोरा. सिमेंट मिळायची मारामार होती, म्हणून त्याने वरचा हात निरूचा, म्हणजे गाळलेल्या बारीक चुन्याचा दिला आणि तो इतका घोटला, इतका घोटला, की भिंतीत तोंड बघून फेटा बांधावा. भाऊजी शाळेत शास्त्र शिकवायचे. ते भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "मिस्त्री, रेशीम आहे हो हे! पण आता याला भिजत ठेवू, पाणी भरू, फेकू, परत भरू. पाऊस लागेपर्यंत चुना बाहेर पडू दे."

"बरोबर हाय गुरुजी," मिस्त्री म्हणाला. "नवी नवरी हाय ती. रडून घेऊ द्या."

पण अध्यक्षांनी अक्षय्य तृतीया धरली होती. "मुहूर्त थांबत नसतो," ते म्हणाले. झालं. मळ्यातल्या विहिरीवरचं ऑईल इंजिन धडधडलं, विहीर तळाला गेली, तलाव काठोकाठ भरला. मुहूर्तावर गावातली झाडून सगळी मंडळी जमली. आता आमच्याकडे नव्या पाण्याची पूजा हळदीकुंकवाशिवाय होत नाही. मान अध्यक्षीणबाईंचा. त्यांनी मूठभर हळद घेतली, डोळे मिटले, पाण्यात सोडली.

आणि डोळे उघडले तेव्हा पाण्यात रक्त सांडल्यासारखा लाल ओघळ पसरत होता.

माझं ताट इथे पडलं.

क्षणभर फक्त माझे नारळ दगडी फरशीवर गडगडत राहिले. मग मागून एका म्हातारबुवांचा आवाज आला, "मी म्हणतच होतो. बायकांना पाण्यात उतरवायचं काढलं, पाण्याने उत्तर दिलं!" कुजबुज वाऱ्यासारखी फिरली. अध्यक्षीणबाई रडवेल्या झाल्या. जाऊबाईंचा चेहरा मी बघितला आणि परत बघवला नाही.

तेवढ्यात आमचे भाऊजी पुढे आले. एरवी चार माणसांत तोंडातून शब्द न काढणारा हा गृहस्थ. पण वर्गात फळ्यापुढे उभे राहिले की त्यांच्या अंगात नट संचारायचा, आणि त्या दिवशी त्यांना तो तलाव फळ्यासारखा दिसला असावा. पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, चिरलं, तलावातलं लाल पाणी तांब्यात घेतलं, तांब्या उंच धरला, सगळ्यांना दाखवला, आणि लिंबू पिळलं. पाणी पिवळं!

"आ!" झालं सगळ्यांचं.

"मंडळी, ही हळद बिघडलेली नाही," भाऊजी म्हणाले. "नव्या गिलाव्यातला चुना पाण्यात उतरलाय. हळदीला चुना भेटला की ती लाल होते. कुंकू कशाचं करतात? हळदीचंच ना? इथे हळदीचं कुंकू झालं!"

"म्हणजे शुभच की!" अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसले.

अध्यक्षांना मात्र आपल्या समारंभात शाळामास्तराने लिंबू पिळलेलं रुचलं नाही. काठी आपटून ते म्हणाले, "शुभ असो, अशुभ असो, या पाण्याने डोळ्यांची आग होणार की नाही?"

"होईल," भाऊजी खरं तेच बोलले. "अंगालाही खाज सुटेल."

"मग तलाव बंद! आणि ती बुधवारची बायकांची सकाळही रद्द. ह्या पाण्यात हळद टाकली तर हळद हळदच राहिली पाहिजे!"

"ठरलं तर मग," असा आवाज आला. आमच्या जाऊबाई! पदर खांद्यावरून घट्ट घेऊन पुढे आलेल्या. "अध्यक्षसाहेब, सगळ्यांसमोर बोललात तुम्ही. ह्या पाण्यात हळद पिवळी राहिली की आमची सकाळ आम्हाला परत. आणि प्रायोगिक नाही, कायमची."

वकील माणूस, पण शब्दात सापडला. एवढ्या लोकांसमोर माघार घेणार कशी? "मृग लागायच्या आत," त्यांनी अट घातली. "मृगापर्यंत हळद लालच होत राहिली, तर ती सकाळ तालमीतल्या मुलांना देऊ."

आम्ही घरी आलो. भाऊजींनी ओसरीवर चपला काढल्या आणि म्हणाले, "अगं, काय कबूल करून आलीस! तो गिलावा पाऊस पडेपर्यंत चुना सोडत राहील. पाणी काढून दुसरं भरावं तर विहिरीत बादली बुडत नाही."

"म्हणूनच तुमच्या भरवशावर कबूल केलं," जाऊबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भाऊजी चप्पल हातात धरून तसेच उभे. बारा वर्षांच्या संसारात बायकोने आपल्याकडे काही मागितलं, ही गोष्ट त्यांना हळूहळू उमगत होती. ती उमगल्याचं मी चेहऱ्यावर बघितलं. चुन्यात हळद पडावी तसा त्यांचा रंग बदलला.

पुढचा महिना आमचं घर म्हणजे प्रयोगशाळा. भाऊजींनी पुण्याहून तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, चिनीमातीच्या बरण्या मागवल्या, पेंढा भरलेल्या वेताच्या टोपल्यांतून आल्या त्या. हळदीत फडकी बुडवून दोरीवर वाळत घातली, ती त्यांची परीक्षेची साधनं. शेजारीण विचारायला आली, "घरात लग्न काढलं का?" मी म्हटलं, "हो, तलावाचं."

मला शास्त्र कळत नव्हतं. भाऊजींनी जेवताना, ताटातल्या वाटीकडे बोट दाखवत ते समजावलं. "हे बघ, पाण्याचा एक असतो स्वभाव आणि एक असतो हट्ट. आत्ता ते आंबट आहे की कडवट, म्हणजे आम्ल की अल्कली, तो झाला त्याचा आजचा स्वभाव. त्याला पी-एच म्हणतात. पण तो बदलायला गेलं की पाणी किती अडून बसतं, तो त्याचा हट्ट. आपल्या तलावाचा स्वभाव बिघडलाय आणि हट्ट तर विचारू नकोस. तेजाब ओतलं की घटकाभर निवळतं, परत मूळपदावर."

"आणि हा हट्ट मोजता येतो?"

"येतो तर! थेंब थेंब तेजाब घालत जायचं, रंग पालटेपर्यंत. जितके थेंब तितका हट्ट."

रोज संध्याकाळी ते तलावावर जायचे. आधी बादलीत पाणी, मग त्यात तेजाब, उलटं कधीच नाही. नाकाला उपरणं बांधून, काठाकाठाने फिरत, एका जागी न ओतता शिंपत जायचे. तुरटीचे खडे पोत्यात बांधून पाण्यात सोडले होते. त्याने दुधासारखं झालेलं पाणी निवळायचं, आणि तुरटी पाण्याचा थोडा हट्टही खायची. ओतून झालं, इंजिनाने पाणी फिरवून घेतलं की फडकं पिवळं राहायचं. भाऊजी आनंदाने घरी यायचे.

आणि सकाळी जावं, तर फडकं लाल!

अध्यक्ष सकाळी फिरायला तिकडूनच जायचे. "काय गुरुजी, संध्याकाळी हळद, सकाळी कुंकू? रोज लग्न लावताय की काय पाण्याचं?" काठीवर रेलून हसायचे. भाऊजी फडकं पिळत राहायचे. मिस्त्री मात्र चिडायचा. "साहेब, मुहूर्ताची घाई तुमची. माझ्या गिलाव्याला नावं ठेवायची न्हाईत!"

गावात बातमी पसरली की तलावाला आंबट हवंय. झालं! एका सकाळी काठावर चिंचेची करंडी. दुसऱ्या दिवशी एका आजींनी नातवाबरोबर ताकाचं गाडगं धाडलं, "पाण्याला द्या, पोटाला बरं असतं" असा निरोप. घोडेगावच्या बाजारातून परतणाऱ्या एका शेतकऱ्याने गाडी थांबवून लिंबांचं बोचकं आत टाकलं. भाऊजींनी सगळ्यांचे आभार मानले आणि एकही वस्तू पाण्यात पडू दिली नाही. आमच्या घरी त्या महिन्यात जितकं सार, कढी आणि सरबत झालं, तितकं पुन्हा झालं नाही.

एक दिवस भाऊजींनी पायरीवर बसून पाण्याखालच्या भिंतीवर बोटं फिरवली आणि ओरडलेच. बोटांवर रांगोळीसारखी पांढरी भुकटी आली होती. "इथे दडलाय चोर! भिंतीवर पिठी बसतेय, ती रात्रभर पाण्यात विरते. रोज भिंती घासून ही पिठी मोकळी केली पाहिजे. मग तिला तेजाब गाठेल. पण घासणार कोण?"

तालमीतली मुलं आली. थोडं घासलं, जास्त एकमेकांच्या पाठीवर ब्रश मारले, अंगाला खाज सुटल्यावर पळाली. बागेतला माळी म्हणाला, "मला पोरंबाळं हायेत, गुरुजी."

त्या दुपारी जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता हात थांबला. सुपाकडे बघत त्या हसायला लागल्या, अगदी आतून, खांदे हलत. "धाकटे," त्या मला म्हणाल्या, "अध्यक्षांनी बायकांना काय मना केलंय?"

"पोहायला."

"आणि घासायला?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अशी डोकी नदीकाठीच तयार होत असावीत.

दुसऱ्याच दिवशी त्या अध्यक्षांपुढे उभ्या. अगदी गरीब चेहरा करून म्हणाल्या, "तलावाच्या भिंती घासायला माणूस मिळत नाही. आम्ही बायकांनी घासल्या तर चालेल का?"

अध्यक्ष गहिवरले! "अवश्य! स्वच्छतेचं काम स्त्रीजातीइतकं कोण करणार? हीच तर आपली परंपरा." पोहायला बायका पाण्यात उतरल्या की संस्कृती बुडत होती. ब्रश घेऊन उतरल्या की तीच तरंगायला लागली.

तर मग आमची सेना. आळीतल्या सात-आठ जणी, नऊवारीचे काष्टे आवळलेल्या, हातात काथ्याचे ब्रश. मिस्त्रीने आपली बेगमही पाठवली. "माझ्या गिलाव्यावर परका हात नको. तिला ठाऊक हाय कुठं किती जोर द्यायचा," तो म्हणाला. आणि काय सांगू, अध्यक्षीणबाईही आल्या. "यजमान समितीचे अध्यक्ष," त्या म्हणाल्या. "देखरेखीला मी नको का?" देखरेख पहिल्या दिवशी काठावरून झाली. दुसऱ्या दिवशी पायरीवरून. तिसऱ्या दिवशी त्या गळ्यापर्यंत आत.

भाऊजींचे नियम कडक. सकाळी आधी फडकं बुडवून बघायचे, रंग नारिंगीच्या पुढे असेल तर कुणालाही उतरू द्यायचे नाहीत. अंगाला आधी खोबरेल, बाहेर आलं की घरून आणलेल्या कळशीभर पाण्याने अंघोळ. तेजाब संध्याकाळी, तलाव रिकामा झाल्यावरच. आम्ही आत असलो की फाटक बंद, आणि भाऊजी बाहेर, फाटकाकडे पाठ करून, छत्री उघडून खुर्चीवर. तिथून ओरडायचे, "फडकं कसं आहे?"

"नारिंगी!" आतून जाऊबाई.

"पिकल्या संत्र्यासारखं की कच्च्या?"

"इथे कोणी संत्रं आणलंय का गं? ...अहो, झेंडूसारखं!"

"कुठल्या झेंडूसारखं?"

"दसऱ्याच्या!"

रस्त्याने जाणारे लोक थांबून ऐकायचे. नवरा-बायकोचं असलं भांडण त्यांनी पूर्वी ऐकलेलं नव्हतं.

उथळ बाजू घासून झाली. आता खोल बाजूच्या भिंतींना हात पोहोचायचा तर तरंगायला हवं. जाऊबाईंनी सुके भोपळे आणवले, दोरीने एकेकीच्या कमरेला बांधले. "घाबरायचं नाही. एका हाताने ब्रश, एका हाताने पाणी. पाय मारा. अगं, सासूला नाही, पाण्याला!" मी पहिल्या दिवशी अर्धा तलाव प्यायले. चव सांगते, पाटीवरच्या पेन्सिलीसारखी. बेगमचा भोपळा सुटला आणि ती न बुडता तशीच वर राहिली, तेव्हा तिलाच आश्चर्य वाटलं. "या अल्ला, मी तर बदक झाले!" अध्यक्षीणबाईंना भोपळ्याची गरजच पडली नाही. त्या पाण्यावर पडल्या की पडल्या, लोण्याच्या गोळ्यासारख्या. आकाशाकडे बघत म्हणायच्या, "घरी मला कुणी असं निवांत पडू देतं का?"

आणि जाऊबाई! त्यांना पाण्यात पहिल्यांदा बघितलं ते मी कधी विसरणार नाही. भिंत घासता घासता त्या सहज वळल्या, एक श्वास घेतला आणि खाली गेल्या. पाण्यावर एक सुरकुतीसुद्धा नाही. इकडे आम्ही श्वास रोखलेला, आणि त्या पार पलीकडच्या काठाशी वर आल्या, केस मागे सारत, तोंडावर असं हसू की जणू बारा वर्षं त्या कुठे गेल्याच नव्हत्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बेगमने फक्त हलक्या आवाजात "माशाअल्ला" म्हटलं.

त्या रोज घासायच्या, मनापासून घासायच्या. त्यात फसवणूक नव्हती. कोपऱ्याकोपऱ्यातली पिठी निघाली, फडकी दिवसेंदिवस पिवळी होत चालली. पण मृग जवळ येत होता, आणि सकाळी काठाशी अजून तांबूस छटा दिसायची. जाऊबाईंचा धीर सुटायला लागला. एका संध्याकाळी म्हणाल्या, "आज दुप्पट तेजाब घाला."

"नाही," भाऊजी म्हणाले. "जास्त झालं तर मिस्त्रीच्या रेशमाचा खरखरीत कागद होईल. शिवाय सगळा हट्ट मोडायचा नाही. हट्ट संपलेलं पाणी कशानेही बदलतं. आज पाऊस पडला की एक, उद्या पानं पडली की दुसरं. पाण्यात थोडा हट्ट राहायलाच हवा."

"बायकोबद्दलही हेच मत आहे का?"

"तिथे अजून मोजून संपलेलं नाही," भाऊजी म्हणाले आणि बादलीकडे वळले. जाऊबाई लाजल्या! मी प्रत्यक्ष बघितलं. मग मी तुरटीच्या पोत्याकडे अतिशय बारकाईने बघायला लागले.

अध्यक्षीणबाईंनी तर सरळ तोड काढली. "परीक्षेची हळद आमच्याच घरून येणार. मी तिला आधीच लिंबाचा हात लावून वाळवते. कुणाला कळतंय?"

क्षणभर सगळ्याजणी जाऊबाईंकडे बघत राहिल्या. एक होकार, आणि सकाळ आमची. जाऊबाई म्हणाल्या, "आणि पुढच्या बुधवारी पोरीबाळींचे डोळे चुरचुरले की काय, डोळ्यांत लिंबू पिळायचं? नको. पाणीच नीट झालं पाहिजे. नाही झालं तर नाही." आणि भिंतीकडे तोंड करून परत घासायला लागल्या, जरा जास्तच जोरात.

मृगाच्या आदल्या दिवशी समिती आली. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. आम्ही सगळ्या काठावर एका ओळीत, काष्टे घालून, हातात ब्रश. जणू नुकतं काम संपवून उभ्या. भाऊजींनी पहाटे येऊन काय पाहिलं होतं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. फक्त उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

अध्यक्ष पायऱ्यांपाशी गेले. शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबले, तिथून एक बोट खाली नाही. खिशातून हळदीची पुडी काढली. "बाजारातून आणलीय. घरची नाही," असं बायकोकडे बघत म्हणाले. वकील तो वकीलच! पुडी पाण्यावर उलटी केली.

पिवळा ढग पाण्यात उतरला. पसरला. कडा विरळ होत गेल्या. सगळे वाकलेले. जाऊबाईंचा हात माझ्या मनगटावर होता, त्याचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले. अध्यक्षांनी घड्याळ काढलं, बघितलं, परत बघितलं. हळद पिवळी. काठाशी पिवळी, भिंतीला टेकली तिथेही पिवळी.

"वा रे माझ्या नवरीबाई!" मिस्त्री ओरडला. "रडं थांबलं एकदाचं!"

भाऊजींनी उपरण्याने चष्मा पुसला. चष्मा कोरडा होता.

"हं," अध्यक्ष म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. बुधवारची सकाळ बायकांची, कायमची." आम्ही श्वास सोडतो न सोडतो तोच काठी वर गेली. "मात्र! पोहणं ही जोखमीची विद्या आहे. लहानपणी आम्ही भीमेच्या पुरात... असो. स्त्रियांना शिकवायला योग्य स्त्री शिक्षिका मिळेपर्यंत, आणि त्या सर्वजणी शिकून तयार होईपर्यंत, ही सकाळ तहकूब ठेवणं समितीला भाग आहे."

भाऊजींचं तोंड उघडं. जाऊबाईंनी माझं मनगट सोडलं. त्यांनी ब्रश काठावर नीट, आडवा ठेवला. आणि वाद न घालता तीरासारखी उडी मारली.

मागोमाग बेगम. मागोमाग आळीतल्या सगळ्या, एकामागून एक, धप्प, धप्प, धप्प. मीही! समितीतले एक गृहस्थ पाठ फिरवून बागेतल्या जास्वंदीचं निरीक्षण करायला लागले, दुसऱ्यांच्या धोतरावर पाणी उडालं तरी ते हलले नाहीत. तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहणाऱ्या बायकांनी भरला. आणि सगळ्यांत शेवटी, खोल बाजूच्या काठावर, अध्यक्षीणबाईंनी पदर कमरेला खोचला, नाक चिमटीत धरलं आणि स्वतःला पाण्यात सोडून दिलं.

"अगं, अगं, अगं!" अध्यक्षांच्या हातातली काठी पडली.

अध्यक्षीणबाई वर आल्या. शांतपणे हात मारत, पिवळ्या हळदीचा ढग मधोमध चिरत, सगळा तलाव पार करून थेट नवऱ्याच्या पायऱ्यांपाशी आल्या आणि पाण्यातूनच त्यांच्याकडे बघून हसल्या. अध्यक्षांनी बायकोकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, काठावरच्या ब्रशांच्या ओळीकडे बघितलं. सगळा उलगडा त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करत उतरला. त्यांच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं, आता गडगडणार. आणि त्या भारदस्त माणसाच्या तोंडून, समितीसमोर, मिस्त्रीसमोर, आम्हा सगळ्या भिजलेल्या बायकांसमोर, लहान मुलासारख्या रडवेल्या आवाजात निघालं:

"अगं, मग मला का नाही नेलंस घासायला? मलाही कुठे येतंय पोहायला!"